जाड तारेला उशीर का होतो

गिटारची सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते. एक आंदोलन पूर्ण व्हायला तिला १२ मिलिसेकंद लागतात. गिटार सिंथेसायझर (तारेवरचा स्वर ओळखून तो बासरी-व्हायोलिनसारख्या दुसऱ्या आवाजात वाजवणारी पेटी) घेऊन स्टेजवर उभ्या राहणाऱ्या माणसाची निम्मी झटापट या १२ मिलिसेकंदांशीच चालते.

गिटारवादकाच्या पायाशी हल्ली दोन पेट्या दिसतात. एक डिजिटल ॲम्प मॉडेलर, म्हणजे गिटारच्या ॲम्प्लिफायरची नक्कल करणारी, दुसरी गिटार सिंथ. दोन्हींना बटणं, दोन्हींना स्क्रीन, आत दोन्हीकडे गणित करणारी चिप. पण तारेचं ऐकण्याची दोघींची तऱ्हा अगदी वेगळी आहे, आणि ती समजली की त्यांना एकत्र कसं जोडायचं हे निम्मं आपोआप कळतं.

मॉडेलरला तुम्ही कोणता स्वर वाजवलात हे माहीत नसतं, त्याला त्याची गरजही नसते. पिकअपकडून (तारेच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाकडून) आलेली लाट तो सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो आणि प्रत्येक आकड्याला विचारतो की जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमधून तू गेला असतास तर तुझं काय झालं असतं? जोरात वाजवलं की व्हॉल्व्ह लाटेचे शेंडे दाबतो, त्यातून नवे उपस्वर जन्मतात आणि आवाजाला तो ओळखीचा खरखरीत गोडवा येतो. मॉडेलर हेच गणिताने करतो. लाट आत आली, वाकली, बाहेर गेली. सगळं मिळून काही थोडे मिलिसेकंद, बोटांना कळतही नाहीत.

सिंथला मात्र स्वर ओळखावा लागतो. बासरीचा आवाज काढायचा तर बासरी कुठल्या पट्टीत वाजवायची हे आधी ठरायला हवं. त्यासाठी ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, एक खास पिकअप बसवतात. त्यात सहा तारांसाठी सहा स्वतंत्र छोटे पिकअप असतात, कारण सहा तारांची खिचडी झालेल्या सिग्नलमधून सहा स्वर वेगळे करणं फार अवघड. तार छेडल्यावर पहिले काही क्षण तर नुसता प्लेक्ट्रमचा, म्हणजे तार छेडायच्या नखीचा, ओरखडा असतो, त्याला स्वर म्हणताच येत नाही. मग लाट स्थिर होते, आणि एक आंदोलन किती वेळात पुरं झालं ते सिंथ मोजतो. खात्रीसाठी दोन आंदोलनं बघायची म्हटली तर सहाव्या तारेवर २४ मिलिसेकंद गेले. पहिल्या, सर्वांत बारीक तारेवर हेच काम ६ मिलिसेकंदांत होतं.

ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे जाड तारेवर वाजवताना तुमचा स्पीकर जणू आठ मीटर लांब नेऊन ठेवला आहे. एका कार्यक्रमाच्या साउंड चेकला माझा ड्रमर मला म्हणाला, "दादा, खालच्या सुरांना तू मागे पडतोयस." मी मागे पडत नव्हतो, तार पडत होती. चिप कितीही वेगवान आणा, लाट पुरी झाल्याशिवाय तिची लांबी कुणाला मोजता येणार?

या अडचणीला वळसा घालायचे प्रयत्न जुने आहेत. रोलँड या जपानी वाद्यकंपनीने आपला पहिला गिटार सिंथ, जीआर-५००, १९७७ मध्ये आणला. १९८० च्या सुमाराचा जीआर-३०० पॅट मेथेनी या अमेरिकी जाझ वादकाने आपलासा केला आणि त्याचा तो तुतारीसारखा टिपेचा आवाज त्याची ओळखच झाला. पुढे १९८३ मध्ये मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना स्वर कळवायची डिजिटल भाषा, आलं आणि गिटारवरून कुठलाही कीबोर्ड वाजवणं शक्य झालं. पण मिडीच्या केबलमधून एक स्वर पाठवायलाच जवळजवळ १ मिलिसेकंद लागतो, सहा स्वरांच्या कॉर्डला ६. रोलँडच्याच १९९५ च्या व्हीजी-८ ने वेगळी वाट धरली: स्वर ओळखत बसायचं नाही, तारेची लाटच घ्यायची आणि तिला दुसऱ्या गिटारचं रूप द्यायचं. मॉडेलरचीच वृत्ती, फक्त सहा तारांसाठी वेगवेगळी.

तर मग उशिराचं करायचं काय? माझ्या मते दोन्ही पेट्या एकत्र वाजवण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. आपला कान स्वराची सुरुवात त्याच्या पहिल्या आघातावरून ठरवतो. तो आघात मॉडेलरमधल्या गिटारने लगेच दिला आणि सिंथचे व्हायोलिन २० मिलिसेकंदांनी मागून अलगद आले, तर ऐकणाऱ्याला उशीर जाणवत नाही, भरलेपणा जाणवतो. म्हणून सावकाश उमलणारे आवाज सिंथकडे ठेवावेत. पियानोसारखा टोकदार आवाज हवाच असेल तर बारीक तारांवर वाजवून सिंथमध्ये तो एक-दोन सप्तकं खाली उतरवावा. बेसची ओळसुद्धा अशी पहिल्या-दुसऱ्या तारेवर वाजवता येते. हाताला चमत्कारिक वाटतं, पण ताल सुटत नाही.

आता क्रमाचा प्रश्न. सिंथ ॲम्पच्या, म्हणजे मॉडेलरच्या, आधी की नंतर? सा म्हणून ४४० हर्ट्झ धरा. डिस्टॉर्शनमधून (ॲम्प लाटेचे शेंडे दाबतो त्यातून) दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या वजाबाकीचा तिसरा सूर तयार होतो. सा आणि पंचम (६६०) दिलात तर २२० मिळतो, म्हणजे खालचा सा. म्हणूनच रॉकमध्ये सा-प ची जोडी इतकी भक्कम वाजते. गंधार दिलात तर? तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार या पट्टीत ५५० वर असतो. त्याची वजाबाकी ११०, पुन्हा सा. पण गिटारच्या पडद्यांवरचा गंधार ५५४.४ वर असतो, आणि वजाबाकी येते ११४.४. हा सूर सा आणि कोमल रिषभ यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतो. कॉर्डमध्ये असे कितीतरी उपटसुंभ सूर निघतात आणि सगळा चिखल होतो. म्हणून एकेरी सुरांची ओळ असेल तर सिंथ ॲम्पच्या आधी खुशाल घाला, तो गिटारसारखा गुरगुरतो. कॉर्ड असतील तर सिंथला ॲम्पपासून लांब ठेवा आणि सरळ मिक्सरकडे पाठवा. दुसरं कारण स्पीकरचं. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने मिटतो आणि मॉडेलर त्याचीही नक्कल करतो. त्यातून बासरी सोडली तर तिची फुंकरच हरवते.

जोडणीत एक चूक फार होते. गिटारचा मूळ आवाज एकदा थेट मॉडेलरमध्ये जातो आणि पुन्हा एकदा सिंथमधून फिरून मिक्सरवर येतो. दुसऱ्या वाटेला २ मिलिसेकंद जास्त लागले तर २५० हर्ट्झवर एका लाटेचा डोंगर दुसरीच्या दरीत बरोबर बसतो आणि तो सूर पुसला जातो. मग ७५०, मग १२५०. आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा पोकळ होतो, आणि लोक इक्वलायझर फिरवत बसतात. सिंथमधला मूळ गिटारचा आवाज बंद केला की काम झालं.

मिडीने बाहेरचा सिंथ वाजवणार असाल तर मींडेची काळजी घ्या. प्रत्येक तारेला वेगळा चॅनेल द्यावा लागतो, नाहीतर एक तार ओढली की सगळी कॉर्ड सरकते. दोन्हीकडे ओढीची मर्यादाही (सूर जास्तीत जास्त किती सरकू शकतो ती) सारखीच हवी. पाठवणाऱ्याने १२ अर्धस्वर धरले आणि घेणाऱ्याने २, तर तुम्ही ओढलेला पूर्ण स्वर तिकडे अर्ध्या स्वराचा जेमतेम तिसरा हिस्सा होऊन पोहोचतो. आणि दोन्ही पेट्यांचे आवाज एकाच पेडलने बदलणार असाल तर क्रमांक तपासून घ्या: एखादं यंत्र ० पासून मोजतं, एखादं १ पासून. हे घरीच, हेडफोन लावून करावं. स्टेजवर पहिल्यांदा तपासायची गोष्ट एकच, ती म्हणजे सहावी तार. ती छेडायची आणि ड्रमरकडे बघायचं.