स्विच-स्कॅनिंग

कीबोर्ड, माउस किंवा टचस्क्रीन वापरता न येणाऱ्या व्यक्तीला शरीराच्या एकाच हालचालीवर फोन, संगणक किंवा संवादयंत्र चालवता यावे यासाठीची पद्धत. पडद्यावरची चौकट ठरावीक वेळाने एकेका पर्यायावर सरकते. हवा तो पर्याय आला की स्विच दाबायचा. सेरेब्रल पाल्सी, मानेतील मज्जारज्जूची इजा आणि मोटर न्यूरॉनच्या (स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या चेतापेशींच्या) आजारांत ती विशेष उपयोगी पडते. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात रेज मॅलिंग यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेले, नळीतून हवा फुंकण्या-ओढण्यावर चालणारे ‘पॉसम’ हे या प्रकारच्या आरंभीच्या यंत्रांपैकी एक.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे करता यावीत यासाठी मदत करणारा उपचारतज्ज्ञ) स्विच निवडण्याआधी व्यक्तीची बसण्याची पद्धत बघतो. नितंब मागे टेकलेले, पाय आधारावर आणि धड स्थिर नसेल तर हात तोल सांभाळण्यातच गुंततो. मग न थकता, पुन्हा पुन्हा करता येईल आणि लगेच थांबवता येईल अशी हालचाल शोधायची: बोट, गुडघा, हनुवटी, गाल. थांबवता येणे हे दाबता येण्याइतकेच महत्त्वाचे आहे. काही मुलांची मान वळली की त्या बाजूचा हात आपोआप ताणला जातो. अशा वेळी पडदा बाजूला ठेवला तर स्विच नको तेव्हा दाबला जातो. पडदा समोर मध्यावर आणला की बऱ्याचदा अडचण सुटते.

चौकटीचा वेग अंदाजाने ठेवू नये. व्यक्तीच्या प्रतिसादाचा सरासरी वेळ ०.६५ने भागावा: प्रतिसाद १.३ सेकंदांचा असेल, तर चौकट २ सेकंद थांबावी. हात थरथरत असेल तर एका दाबानंतरचे लागोपाठचे दाब दुर्लक्षित करण्याची सेटिंग सुरू करावी. वेळ साधणेच जमत नसेल तर दोन स्विच द्यावेत, एक पुढे जायला, दुसरा निवडायला.

मराठी टंकलेखनात दाबांची संख्या झपाट्याने वाढते. आधी ओळ, मग अक्षर अशा मांडणीत ‘पाणी’साठी प, काना, ण, वेलांटी अशा चार निवडी, म्हणजे आठ दाब लागतात, ‘स्नान’ला हलन्तामुळे दहा. म्हणून पाणी, दुखतंय, कूस बदला, थांबा हे शब्द अख्खेच पहिल्या ओळीत ठेवावेत. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘जेलो’ या चित्राधारित ॲपमध्ये मराठीची सोय आहे.

अँड्रॉइडवर ‘स्विच ॲक्सेस’ आणि आयफोनवर ‘स्विच कंट्रोल’ विनामूल्य मिळते. पहिल्या चाचणीला ब्लूटूथ कीबोर्डची एक कळ पुरते. महागडा स्विच आधी विकत घेऊ नये.

घरी गेल्यावर बिघाड सहसा साधा असतो. खुर्चीची पाठ मागे कलली की स्विच दोन-तीन सेंटिमीटर लांब जातो, स्विच धरून ठेवणारा क्लॅम्प सैल होतो, ब्लूटूथ झोपी जाते. खुर्ची आणि क्लॅम्पच्या योग्य जागी रंगीत टेपची खूण करून फोटो काढून ठेवावा, म्हणजे सकाळी आई आणि रात्री दुसरे कोणी स्विच लावला तरी जागा तीच राहते.