अट खोटी ठरली की स्टेटचे काय? कंडिशनल रेंडरिंगची पार्श्वभूमी

अटीनुसार स्क्रीनचा एखादा भाग दाखवणे किंवा न दाखवणे, म्हणजेच कंडिशनल रेंडरिंग, ही बाब फ्रंट-एंडचे (वेबपानाच्या दृश्य भागाचे) काम करणाऱ्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे वादाचा इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अट खरी असताना काय दाखवायचे, यावर वाद कधी फारसा झालाही नाही. वाद झाला तो अट खोटी ठरल्यानंतर त्या भागाच्या आत साठलेल्या स्टेटचे, म्हणजे टाइप केलेला मजकूर किंवा उघडे-बंद यांसारख्या नोंदींचे, काय करायचे, यावर. ती तशीच जपून ठेवायची, फेकून द्यायची, की शेजारच्या फांदीला, म्हणजे अटीच्या दुसऱ्या पर्यायात दिसणाऱ्या भागाला, वापरायला द्यायची, याची उत्तरे गेल्या दीड दशकात प्रत्येक फ्रेमवर्कने आपापल्या परीने दिली आणि त्यांपैकी काहींनी ती पुढे बदललीही.

एक व्हॅल्यू बदलली की तिच्यावर अवलंबून असलेले सारे काही आपोआप नव्याने मोजले जावे, ही कल्पना ब्राउझरपेक्षा जुनी आहे; १९७९ च्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीटमध्ये ती सामान्य वापरकर्त्याच्या हाती आली होती. वेबवर मात्र तिला पोहोचायला बराच वेळ लागला. २००६ मध्ये जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आली तेव्हा लपवणे आणि दाखवणे म्हणजे घटकाची डिस्प्ले ही स्टाइल बदलणे, एवढाच अर्थ होता. पॅनेल उघडे आहे की बंद, याची नोंद वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवण्याची पद्धत फारशी नव्हती; ते डॉमलाच, म्हणजे ब्राउझरमधल्या पानाच्या घटकांच्या झाडालाच, विचारले जाई. डॉम हीच स्टेट असल्यामुळे स्टेट कुठे जाते, हा प्रश्नच तेव्हा उपस्थित झाला नाही.

तो प्रथम स्पष्टपणे दिसतो नॉकआउटमध्ये. २०१० मध्ये आलेल्या या लायब्ररीने ऑब्झर्व्हेबल (आपला बदल कळवणाऱ्या) व्हॅल्यू आणि त्यांच्यावरून आपोआप मोजली जाणारी कॉम्प्युटेड मूल्ये टेम्पलेटशी, म्हणजे पानाच्या साच्याशी, जोडली. तिच्यात ‘व्हिजिबल’ आणि ‘इफ’ अशी दोन बाइंडिंग (साच्याला व्हॅल्यू जोडणारे निर्देश) शेजारी-शेजारी होती. व्हिजिबल फक्त स्टाइल बदलत असे, तर इफ आतला मजकूर डॉममधून खरोखर काढून टाकत असे. या दुसऱ्याची गरज का पडली, याचे कारण वेगाचे नव्हते. एखाद्या ऑब्जेक्टचे उपऑब्जेक्ट नल (रिकामे) असेल आणि आतले टेम्पलेट त्याच्या गुणधर्माचे नाव घेत असेल, तर नुसते लपवून भागत नाही. लपलेल्या भागातली बाइंडिंगही मोजली जातात आणि नलवर आदळून चूक येते. इफमध्ये अट खोटी असेपर्यंत आतली बाइंडिंग लागूच होत नाहीत. कंडिशनल रेंडरिंग हे मोजणी थांबवण्याचे साधन आहे, केवळ दृश्यतेचे नाही, हे इथे पहिल्यांदा पुरेसे स्पष्ट झाले.

याचा खरा कस लागला तो ॲंग्युलरजेएस या फ्रेमवर्कच्या काळात. त्याची १.० आवृत्ती जून २०१२ मध्ये आली आणि तिच्यात एनजी-शो, एनजी-हाइड आणि एनजी-स्विच ही डिरेक्टिव्ह (टेम्पलेटमधल्या घटकाला वर्तन जोडणारे खास शब्द) होती, पण अट खोटी ठरताच भाग काढून टाकणारे एनजी-इफ नव्हते. ॲंग्युलरजेएसची बदल ओळखण्याची रीत ऑब्झर्व्हेबलवर आधारलेली नव्हती. स्कोपवर (टेम्पलेटला दिसणाऱ्या विदेच्या ऑब्जेक्टवर) लावलेला प्रत्येक वॉचर, म्हणजे एका मूल्यावरची पाळत, डायजेस्टच्या, म्हणजे तपासणीच्या, प्रत्येक फेरीत पुन्हा मोजायचा, काही बदलले असेल तर पुन्हा फेरी घ्यायची आणि दहा फेऱ्यांतही मूल्ये स्थिरावली नाहीत तर चूक दाखवून थांबायचे, अशी ती रीत होती. एनजी-शोने लपवलेल्या भागातले वॉचर त्यामुळे प्रत्येक फेरीत राबतच राहत. एका पानावर दोन हजारांच्या पुढे वॉचर जाऊ देऊ नयेत, असा एक ठोकताळा त्या काळी सर्रास सांगितला जाई. पाच टॅब असलेल्या पानावर चार टॅब लपलेले असतानाही तो ओलांडला जात असे. लोक एनजी-स्विचला एकच फांदी देऊन काम भागवत किंवा स्वतःचे डिरेक्टिव्ह लिहीत. अखेर २०१३ मध्ये १.१.५ या अस्थिर आवृत्तीत एनजी-इफ आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस १.२ मधून ते सर्वांना मिळाले.

ते आले तेव्हा त्याचे स्वागत झाले, पण त्याच्या रचनेत एक निर्णय दडलेला होता: एनजी-इफ स्वतःचा चाइल्ड स्कोप तयार करते. अट खरी झाली की नवा स्कोप, खोटी झाली की तो नष्ट. वॉचर काढून टाकण्याचा हा सर्वांत स्वच्छ मार्ग होता, यात शंका नाही. पण ॲंग्युलरजेएसमध्ये स्कोपची वंशपरंपरा जावास्क्रिप्टच्या प्रोटोटाइपवर चालत असे आणि तिथे वाचणे वरपर्यंत जाते, लिहिणे मात्र जिथल्या तिथेच होते. समजा, एका फॉर्ममध्ये ‘पत्ता वेगळा आहे’ असा चेकबॉक्स आहे आणि तो टिचकावल्यावर एनजी-इफच्या आत एक इनपुट उघडतो, जो ‘पत्ता’ या साध्या नावाला बांधला आहे. वापरकर्ता टाइप करतो, मजकूर स्क्रीनवर दिसतो, आतल्या भागात तो बरोबरही असतो. पण तो लिहिला गेलेला असतो चाइल्ड स्कोपवर. बाहेरच्या कंट्रोलरमधला पत्ता रिकामाच राहतो आणि सर्व्हरकडे रिकामाच जातो. चेकबॉक्स काढून पुन्हा लावला, तर टाइप केलेला मजकूरही गायब. हाच इनपुट एनजी-शोमध्ये असता तर काहीच बिघडले नसते, म्हणजे वेग वाढावा म्हणून एक शब्द बदलल्याने फॉर्मची विदा हरवत होती.

यावरचा उपाय म्हणजे मॉडेलच्या नावात टिंब हवेच, हा नियम. साध्या मूल्याऐवजी एखाद्या ऑब्जेक्टच्या गुणधर्माला इनपुट बांधला की आधी ऑब्जेक्ट वाचला जातो, तो वरच्या स्कोपवर सापडतो आणि लिहिणेही तिथेच होते. कंट्रोलरला टेम्पलेटमध्ये नाव देण्याची सोय १.२ मध्येच रुळली आणि तिने हे टिंब आपोआप आणले. नियम उपयुक्त होता, पण त्यामुळे मूळ निर्णयाची चर्चा मागे पडली. अट हा दृश्याचा भाग मानायचा की आयुष्यकाळाचा, हे ठरवण्याची जबाबदारी फ्रेमवर्कने टेम्पलेट लिहिणाऱ्यावर टाकली आणि तसे टाकत असल्याचे डिरेक्टिव्हच्या नावातून कुठेही सूचित केले नाही. एनजी-शो आणि एनजी-इफ एकमेकांचे पर्याय म्हणून शिकवले गेले; वस्तुतः ते तसे नव्हते.

मे २०१३ मध्ये खुल्या झालेल्या रिॲक्ट या लायब्ररीने हा प्रश्न डिरेक्टिव्हच्या पातळीवरून काढून घेतला. जेएसएक्समध्ये, म्हणजे रिॲक्टच्या टेम्पलेटसारख्या लेखनपद्धतीत, अटीसाठी वेगळे व्याकरण नाही. टर्नरी (‘अट ? हे : ते’), अँड-अँड (&&) किंवा आधीच रिटर्न, म्हणजे साधी जावास्क्रिप्ट. यातून आलेल्या किरकोळ अडचणी सर्वांना ठाऊक आहेत: यादीची लांबी डावीकडे ठेवून अँड-अँड लिहिले की रिकाम्या यादीच्या जागी स्क्रीनवर शून्य उमटते, कारण रिॲक्ट नल आणि फॉल्स गाळते, पण शून्य ही संख्या छापते. गंभीर गोष्ट वेगळी आहे. रिॲक्टला अट दिसतच नाही. तिला दिसते ते अटीचे फलित, म्हणजे झाडातल्या अमुक जागी अमुक प्रकारचा कम्पोनंट, म्हणजे स्क्रीनचा स्वतंत्र तुकडा. प्रकार आणि जागा तीच असेल तर स्टेट टिकते. म्हणून टर्नरीच्या दोन्ही फांद्यांत एकच कम्पोनंट वेगवेगळ्या प्रॉप्ससह (बाहेरून दिलेल्या मूल्यांसह) लिहिला, तर उदाहरणार्थ गुणफलकावर खेळाडू बदलूनही गुण तेच राहतात; पण त्याच दोन फांद्या दोन स्वतंत्र अँड-अँड ओळींत लिहिल्या, तर त्या दोन जागा ठरतात आणि प्रत्येक बदलाला स्टेट पुसली जाते. वाचणाऱ्याच्या दृष्टीने समानार्थी असलेल्या दोन लेखनपद्धतींचा परिणाम असा विरुद्ध निघतो. २०२३ मध्ये रिॲक्टचे दस्तऐवज नव्याने लिहिले गेले, तेव्हा स्टेट टिकवणे आणि पुसणे या विषयाला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागले.

व्ह्यू या फ्रेमवर्कने डिरेक्टिव्ह कायम ठेवले. व्ही-शो लपवतो, व्ही-इफ काढून टाकतो, ही विभागणी ॲंग्युलरजेएससारखीच होती, मात्र चाइल्ड स्कोपचा घोळ तिच्यात नव्हता. तरीही २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत व्हर्च्युअल डॉम (डॉमची स्मृतीतली प्रतिकृती) आल्यावर रिॲक्टची जागेवरून ओळखण्याची सवय इथेही आली. लॉगिनच्या फॉर्ममध्ये व्ही-इफच्या फांदीत नावाचा इनपुट आणि व्ही-एल्सच्या फांदीत ईमेलचा इनपुट असेल, तर फांदी बदलताना घटक तोच वापरला जाई. फक्त प्लेसहोल्डर बदले आणि नावाच्या चौकटीत टाइप केलेला मजकूर ईमेलच्या चौकटीत तसाच दिसे. दस्तऐवजांत ही सोय म्हणून नोंदवली होती आणि ती नको असल्यास ‘की’ (घटकाची वेगळी ओळख) द्यावी, असे सुचवले होते. सप्टेंबर २०२० च्या तिसऱ्या आवृत्तीने हे उलटवले: आता प्रत्येक फांदीला कंपायलर स्वतःच वेगळी की देतो आणि मजकूर पुसला जातो. त्याच आवृत्तीत एकाच घटकावर लिहिलेल्या व्ही-इफ आणि (यादीसाठी घटक पुन्हा पुन्हा काढणाऱ्या) व्ही-फॉर यांचा अग्रक्रमही उलटला, पण त्याचा बोभाटा जास्त झाला, कारण तिथे कोड थेट मोडत होता. फांद्यांच्या ओळखीतला बदल मुकाट्याने झाला, आणि दोहोंपैकी महत्त्वाचा तोच होता. अट वेगळी म्हणजे आयुष्यही वेगळे, हा मूलभूत नियम असावा आणि पुनर्वापर मागून घ्यावा, ही भूमिका योग्य दिशेची होती. ती सुरुवातीपासून का घेतली गेली नाही, याचे उत्तर डॉमच्या घटकांची काटकसर करण्याच्या तत्कालीन आग्रहात आहे.

रिॲक्टिव्ह स्टेटची, म्हणजे स्टेटमधला बदल आपोआप ओळखण्याची, बाजू याच काळात वेगळ्या वाटेने चालली होती. भाषेतच बदल ओळखण्याची सोय देणारा ऑब्जेक्ट.ऑब्झर्व्हचा प्रस्ताव २०१४ मध्ये एका ब्राउझरमध्ये पोहोचला आणि २०१५ मध्ये मागे घेतला गेला. मग गेटर-सेटर (गुणधर्म वाचताना-लिहिताना चालणारी फंक्शने) उरले, ज्यांना नव्याने जोडलेला गुणधर्म दिसत नसे; ती उणीव संपूर्ण ऑब्जेक्टवर नजर ठेवणाऱ्या प्रॉक्सीने भरली, पण जुन्या ब्राउझरसाठी प्रॉक्सीचे पॉलिफिल (तीच सोय देणारा पर्यायी कोड) शक्य नसल्याने व्ह्यूला तिच्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले.

अटीचा संबंध इथेही येतो, आणि अधिक सूक्ष्मपणे. अवलंबित्व वाचण्यातून नोंदवले जात असेल, तर अटीच्या न चाललेल्या फांदीतले काहीही नोंदले जात नाही. हे बरोबरच आहे; नॉकआउटही प्रत्येक मोजणीत अवलंबित्वांची यादी नव्याने करत असे. पण त्याची पूर्वअट अशी की अट स्वतः रिॲक्टिव्ह असली पाहिजे. एखाद्या कॉम्प्युटेडमध्ये साधे व्हेरिएबल तपासून सुरुवातीलाच रिटर्न केले, तर पुढची रिॲक्टिव्ह व्हॅल्यू वाचलीच जात नाही. नंतर व्हेरिएबल बदलो वा व्हॅल्यू, ते कॉम्प्युटेड पुन्हा जागे होत नाही. रिॲक्टने फेब्रुवारी २०१९ मध्ये हुक्स (कम्पोनंटच्या फंक्शनला स्टेट वगैरे जोडणारी फंक्शने) आणले, तेव्हा अट नेमकी उलट्या बाजूने निषिद्ध ठरली: हुकची ओळख त्याच्या हाकेच्या क्रमावरून पटते, म्हणून हुक इफच्या आत लिहायचाच नाही. कम्पोनंटच्या झाडात जागेने जे केले, तेच कम्पोनंटच्या आत क्रमाने केले. डिसेंबर २०२४ च्या एकोणिसाव्या आवृत्तीतले ‘यूज’ अटीच्या आत चालते, हा त्या नियमाला पडलेला पहिला अधिकृत अपवाद.

सॉलिड या फ्रेमवर्कने २०२१ मध्ये १.० आवृत्ती आणली तेव्हा जुन्या ऑब्झर्व्हेबलची कल्पना सिग्नल या नावाने पुन्हा प्रतिष्ठित झाली. तिथे कम्पोनंटचे फंक्शन एकदाच चालते, त्यामुळे रिॲक्टमधून आलेला लेखक फंक्शनच्या सुरुवातीला अट तपासून रिटर्न करतो आणि ती अट पुन्हा कधीच तपासली जात नाही. म्हणून अट टेम्पलेटमध्ये, शक्यतो ‘शो’ या कम्पोनंटमध्ये लिहायची; एका खऱ्या मूल्याच्या जागी दुसरे खरे मूल्य आले तरी आतला भाग टिकतो आणि तो नव्याने हवा असेल तर ‘कीड’ असे स्पष्ट सांगावे लागते. २०२३ मध्ये ॲंग्युलरने (ॲंग्युलरजेएसच्या नव्याने लिहिलेल्या वारसाने) सोळाव्या आवृत्तीत सिग्नल आणि सतराव्यात @इफ हे टेम्पलेटचे स्वतःचे व्याकरण आणले, आणि २०२५ मध्ये विसाव्या आवृत्तीत एनजी-इफला कालबाह्य ठरवले. स्वेल्ट या फ्रेमवर्कने आपले जादुई वाटणारे डॉलर-लेबल सोडून २०२४ मध्ये रून्स (रिॲक्टिव्ह मूल्ये स्पष्टपणे घोषित करणारी चिन्हे) घेतले. जावास्क्रिप्ट भाषेचे मानक ठरवणाऱ्या समितीपुढे सिग्नलचा प्रस्ताव एप्रिल २०२४ पासून पहिल्या टप्प्यात आहे. त्यात अवलंबित्वाचा आलेख आहे, रेंडरिंग नाही, त्यामुळे फांदीच्या आयुष्याचा प्रश्न पुढेही फ्रेमवर्ककडेच राहील.

दरम्यान लपवणे की काढून टाकणे, हा जुना वाद रिॲक्टच्या दारात परत आला आहे. व्ह्यूकडे काढलेल्या कम्पोनंटची स्टेट जपणारे कीप-अलाइव्ह फार आधीपासून आहे. रिॲक्टमध्ये तसे काही नव्हते आणि स्टेट वरच्या कम्पोनंटमध्ये उचला, असा सल्ला दिला जाई. २०२२ च्या अठराव्या आवृत्तीत डेव्हलपमेंटच्या वेळी स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुका लवकर उघड करणाऱ्या मोडमध्ये) प्रत्येक इफेक्ट, म्हणजे रेंडरिंगनंतर चालणारा कोड, दोनदा चालू लागला तेव्हा बरीच नाराजी झाली, पण त्याचे सांगितलेले कारण हेच होते की पुढे कधी तरी भाग काढून, स्टेट जपून, पुन्हा बसवता यावा. ऑक्टोबर २०२५ च्या १९.२ आवृत्तीतले ‘ॲक्टिव्हिटी’ हे त्याचे फळ आहे. लपलेल्या भागाला डिस्प्ले नन लागते, त्याचे इफेक्ट आवरले जातात, आतील बदल मागच्या रांगेत जातात आणि स्टेट राहते. एनजी-शो आणि एनजी-इफ यांच्या मधली ही जागा रिॲक्टमध्ये बारा वर्षे रिकामी होती. तिची किंमतही लगेच दिसते: अशा भागात व्हिडिओ चालू असेल, तर लपवल्यावरही त्याचा आवाज येत राहतो, कारण घटक डॉममध्येच आहे; आवाज थांबवण्यासाठी कम्पोनंटच्या लेआउट इफेक्टच्या आवरणीत (क्लीनअपमध्ये) पॉज स्वतः लिहावा लागतो, जो पूर्वी घटक काढून टाकल्यामुळे कधी लिहावा लागला नव्हता.