विंटर फ्युएल पेमेंट: अर्ज कुणी करायचा आणि कुणाचे पैसे परत जाणार

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पेन्शनरांना थंडीत घर गरम ठेवायला सरकार दरवर्षी काही रक्कम देतं. त्या रकमेच्या नियमांची 2024 आणि 2025 या दोन वर्षांत एवढी उलटापालट झाली आहे की शेजारच्या काकांनी सांगितलेलं खरं असलं तरी ते गेल्या वर्षीचं असू शकतं. खालची माहिती 2025-26 च्या हिवाळ्याची आहे आणि मुख्यतः इंग्लंड-वेल्सची.

पहिली गोष्ट म्हणजे बहुतेकांना अर्ज करावाच लागत नाही. स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, चालू असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पैसे आपोआप खात्यात पडतात. ‘अर्ज करा, नाहीतर पैसे बुडतील’ असा लिंकसकट मेसेज आई-बाबांच्या फोनवर आला असेल, तर तो भामट्यांचा समजून पुसून टाका.

कोण पात्र, किती रक्कम

जन्म 21 सप्टेंबर 1959 रोजी किंवा त्याआधी झालेला असावा. शिवाय 15 ते 21 सप्टेंबर 2025 या आठवड्यात निदान एक दिवस तरी तुमचं वास्तव्य इंग्लंड किंवा वेल्समध्ये असायला हवं. एकट्या राहणाऱ्याला 200 पौंड, आणि त्या आठवड्यापर्यंत वयाची 80 पूर्ण झाली असतील तर 300. नवरा-बायको दोघेही 80 च्या आतले असतील तर 100-100 असे वाटून मिळतात. एकाचीच 80 पूर्ण असतील तर त्याला 200 आणि दुसऱ्याला 100. दोघांचीही झाली असतील तर 150-150. पेन्शन क्रेडिटसारखा (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी सरकारी मदत) लाभ चालू असेल तर वाटणी थोडी वेगळी होते.

मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांबद्दल हमखास विचारलं जातं. व्हिसावर ‘सरकारी निधीचा लाभ नाही’ अशी अट असेल तर हे पैसे मिळत नाहीत, वय कितीही असो. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांचा तर प्रश्नच येत नाही.

उत्पन्नाची अट आली कशी

ही योजना 1997 मध्ये सुरू झाली, गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना. त्यात श्रीमंत-गरीब असा भेद नव्हता. लखपती पेन्शनरालाही पैसे जात, आणि त्यावर टीकाही होई. 29 जुलै 2024 रोजी अर्थमंत्री रेचल रीव्ह्स यांनी जाहीर केलं की यापुढे पेन्शन क्रेडिट किंवा तत्सम लाभ घेणाऱ्यांनाच ही रक्कम मिळेल. एका फटक्यात सुमारे एक कोटी लोक बाहेर पडले.

गडबड झाली ती इथे. उत्पन्न तपासायला माझी हरकत नाही. माझ्या मते चांगली घसघशीत पेन्शन असलेल्या डॉक्टरसाहेबांना सरकारने गॅसच्या बिलासाठी पैसे द्यायचं कारण नाही. पण 2024 ची अट उत्पन्नावर नव्हतीच, ती अर्जावर होती. पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक तो लाभ मागतच नाहीत. कुणाला माहीत नसतं, कुणाला दोनशेच्या वर प्रश्न असलेल्या फॉर्मची धडकी भरते, कुणाला हात पसरल्यासारखं वाटतं. म्हणजे सगळ्यात गरजू माणसाचाच पत्ता कट. आणि ज्याचं उत्पन्न पेन्शन क्रेडिटच्या मर्यादेपेक्षा दोन पौंडांनी जास्त, तोही बाहेर.

जून 2025 मध्ये सरकारने माघार घेतली. आता पैसे सगळ्यांना आधी द्यायचे, आणि वर्षाचं उत्पन्न 35,000 पौंडांच्या वर असलेल्यांकडून करखात्याने, म्हणजे एचएमआरसीने, ते परत घ्यायचे. कागदोपत्री खटपट गरिबाच्या गळ्यातून निघून करखात्याकडे गेली. मला हे जास्त पटतं. 2025-26 ची पूर्ण नवी स्टेट पेन्शन आठवड्याला 230.25 पौंड, म्हणजे वर्षाला जेमतेम 12,000. त्या मानाने 35,000 ची रेषा बऱ्यापैकी उंच आहे.

तरी विचित्रपणा उरलाच. मर्यादा माणशी आहे, घराची नाही. दोघांचं प्रत्येकी 34,000, म्हणजे घरात 68,000 येत असले तरी पैसे राहतात. एकट्या राहणाऱ्या विधवा आजींचं 35,100 असलं की सगळेच्या सगळे जातात. थोडे कापून थोडे ठेवायची सोय नाही.

35,000 मध्ये काय काय धरायचं

आपल्या लोकांची चूक होते ती इथे. 6 एप्रिल 2025 ते 5 एप्रिल 2026 या करवर्षातलं करपात्र प्रकारचं सगळं उत्पन्न, करमाफीची रक्कम वजा करण्याआधी, मोजायचं. स्टेट पेन्शन, एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) किंवा कंपनीची पेन्शन, पगार, व्याज, डिव्हिडंड, घरभाडं. आयसा या करमुक्त बचत खात्यातलं व्याज धरायचं नाही, अटेंडन्स अलाउन्स हा देखभालीसाठीचा भत्ताही नाही.

पण पुण्याच्या फ्लॅटचं भाडं? धरायचं. वर्षानुवर्षं ब्रिटनचे रहिवासी असाल तर जगभरातलं उत्पन्न तिथे करपात्र असतं. भारतातल्या एफडीचं व्याजही त्यात आलं. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याच्या व्याजावर भारतात कर नाही म्हणून ते ब्रिटनमध्येही मोजायचं नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याच वर्षात पेन्शनच्या साठ्यातून एकरकमी पैसे काढले असतील तर त्यातला करपात्र भागही मोजा.

परतफेड कशी होते

मर्यादेच्या वर असाल तर स्वतःहून काही भरायला जायचं नाही. सेल्फ असेसमेंट विवरणपत्र भरत असाल तर 2025-26 च्या विवरणपत्रात ही रक्कम येते. ऑनलाइन भरायची मुदत 31 जानेवारी 2027. बाकीच्यांचा टॅक्स कोड, म्हणजे पेन्शन-पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा कोड, एप्रिल 2026 पासून बदलतो आणि 200 पौंड असतील तर महिन्याला साधारण 17 पौंड वळते होतात. नवऱ्याचं उत्पन्न जास्त असलं तरी बायकोच्या वाट्याचे 100 तिच्याकडेच राहतात. पैसेच नकोत असं कळवायची 2025-26 ची मुदत 15 सप्टेंबर 2025 ला संपली.

अर्ज कुणाला लागतो

स्टेट पेन्शन लांबणीवर टाकली असेल, दुसरा कुठला पात्र लाभही नसेल आणि ही रक्कम आधी कधी मिळाली नसेल, तर अर्ज करायचा, फोनवर किंवा पोस्टाने. हाऊसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठीची मदत) किंवा काउन्सिल टॅक्समधली (स्थानिक घरपट्टीतली) सवलत मिळते म्हणून हे पैसे आपोआप येतील असं धरून चालू नका.

हाताशी ठेवायचं ते असं: नॅशनल इन्शुरन्स नंबर, बँकेचा तपशील, लग्नाची किंवा एकत्र राहायला लागल्याची तारीख. त्या सप्टेंबरच्या आठवड्यात हॉस्पिटलात किंवा केअर होममध्ये होता का, हेही विचारतात. शेवटची तारीख 31 मार्च 2026.

स्कॉटलंडची योजना वेगळ्या नावाची आहे आणि ती सोशल सिक्युरिटी स्कॉटलंड ही तिथली सरकारी संस्था चालवते. रक्कम 203.40 किंवा 305.10 पौंड, 35,000 ची रेषा मात्र तीच.

निवृत्तीनंतर कायमचे पुण्या-नाशिकला परतलेल्यांना यातलं काही मिळत नाही. त्यांची ब्रिटिश स्टेट पेन्शनही भारतात दरवर्षी वाढत नाही. परतताना जेवढी असेल तेवढ्यावरच गोठते. परतायचा बेत आखताना हा हिशेब आधी मांडा.

आणि तिथेच राहणारे, हातातोंडाची गाठ जेमतेम पडणारे पेन्शनर असतील, तर पेन्शन क्रेडिट जरूर तपासा. 2025-26 च्या आकड्यांप्रमाणे एकट्याचं आठवड्याचं उत्पन्न 227.10 पौंडांपेक्षा किंवा जोडप्याचं 346.60 पेक्षा कमी असेल तर ते मिळू शकतं. राहतं घर मोजत नाहीत. गावाकडचा दुसरा फ्लॅट मात्र मोजतात. पात्र असाल तर मागचे तीन महिनेही मिळतात. फॉर्म लांबलचक आहे खरा, पण फोनवर पलीकडचा माणूस तो भरून घेतो. रविवारी मुलगा घरी असेल तेव्हा त्याच्यासोबत बसून उत्पन्न आणि बचतीचे आकडे एका कागदावर लिहून ठेवा, आणि सोमवारी फोन लावा.