चार पायांचा ‘साप’

पहिला पाऊस झाला की फोनवर फोटो यायला लागतात. कुंडी सरकवली, खाली हे निघालं, सापाचं पिल्लू आहे का? बोटाएवढा जीव, चकचकीत अंग, लालसर शेपूट. कोपऱ्यात बहुधा झाडूही दिसतो.

मी आधी डोळा बघतो. सापाला पापण्या नसतात, सापसुरळीला, म्हणजे सापासारख्या दिसणाऱ्या चकचकीत सरड्याला, असतात. पण मातीत राहणाऱ्या सापसुरळ्यांत एक गंमत आहे. ठिपकेवाल्या सापसुरळीच्या, म्हणजे ‘रिओपा पंक्टाटा’च्या, खालच्या पापणीला पारदर्शक खिडकी असते. डोळा मिटला तरी माती आत जात नाही आणि उजेड दिसत राहतो. फोटोत मात्र मिटलेला डोळा उघडा वाटतो आणि आपण फसतो. मग कानाचं बारीक भोक शोधायचं, अंगाला चिकटलेले इवलेसे पाय शोधायचे. वाळ्याला, म्हणजे गांडुळासारख्या बारीक सापाला, आणि देवगांडुळाला, म्हणजे बिनपायांच्या उभयचराला, यातलं काहीच नसतं. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने तर पाय बघूनही १७६६ साली अशा एका प्राण्याचं नाव ‘अँग्विस क्वाड्रुपेस’ ठेवलं, म्हणजे चार पायांचा साप! ओडिशातल्या चिलिका सरोवरातली बार्कुडिया ही सापसुरळी मात्र खरोखरच बिनपायांची. तिचं वर्णन १९१७ साली झालं.

सापसुरळी आहे हे कळलं, पण कुठली? इथे घोडं अडतं. रंगावर जावं तर पिल्लाची लाल शेपूट वय वाढेल तशी फिकी पडते. लांबीवर जावं तर तुटलेली शेपूट पुन्हा उगवते, म्हणून मापही नाकापासून गुदद्वारापर्यंतच घेतात. उरतात खवले. नमुना हातात असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली, अंगाच्या मध्यावर, पोटाच्या एका खवल्यापासून सुरुवात करून गोल फिरत मोजायचं. ठिपकेवालीत ही संख्या साधारण २४ ते २६ भरते. फोटोत निम्मे खवले पलीकडच्या बाजूला असतात, उरलेल्यांच्या कडा फ्लॅशच्या चकाकीत बुडतात.

म्हणून फोटो पाठवणाऱ्यांना सांगतो: झाडू ठेवा, फ्लॅश बंद करा, डोक्याचा एक फोटो बाजूने काढा, एक वरून. मागच्या पायाची बोटंही येऊ द्या. बरणीतल्या नमुन्याचा खवला न् खवला मोजता येतो, पण अल्कोहोलमध्ये रंग टिकत नाही. जिवंतपणीचा फोटो जोडलेला नसेल, तर चिठ्ठीवर ‘शेपूट लाल’ आणि आत पांढुरकं काहीतरी.