दम आधी येतो, हाड मागून येतं

दिवाळीचा फराळ संपला की शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती नवे बूट दिसायला लागतात. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे हातात जेमतेम दोन-अडीच महिने. काही वर्षांपूर्वी त्या नव्या बुटांत माझीही एक जोडी होती. वय 42, वजन 82 किलो. एकाच सोमवारी मी दोन उद्योग सुरू केले, पळणं आणि डाएट. रात्रीचा भात बंद, डब्यातल्या पोळ्या तीनच्या दीड. संध्याकाळच्या वडापावाचं तर नावच काढायचं नाही.

पहिल्या आठवड्यात मैदानाच्या अर्ध्या फेरीतच धाप लागायची. चौथ्यापर्यंत तीन फेऱ्या न थांबता व्हायला लागल्या, काट्यावर तीन किलो कमी दिसले आणि डोक्यात हवा गेली. पाचव्या आठवड्यात दादरच्या पुलाचा जिना उतरताना डाव्या नडगीत, आतल्या बाजूला, अशी कळ आली की कठडा धरून उभाच राहिलो. मागून लोकलची गर्दी उतरत होती. त्या गर्दीत जिन्यात थांबणं म्हणजे काय, ते मुंबईकराला सांगायला नको.

दम वाढला म्हणजे शरीर तयार झालं, असं मी धरून चाललो होतो. पण शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या आठवडाभरातच रक्तातला पातळ भाग वाढतो आणि हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. सुरुवातीला ताकद वाढते तीही बरीचशी मेंदूची करामत. स्नायूचे जास्त धागे एकाच वेळी कामाला कसे लावायचे, हे तो शिकतो. स्नायू प्रत्यक्ष जाड व्हायला त्यानंतर बरेच आठवडे जातात.

कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्यांचं, गणित आणखी संथ. 1955 ते 1963 या काळात जमिनीवर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि पुढे हळूहळू उतरत गेला. त्या काळात शरीरात जे जे तयार झालं, त्यावर त्या कार्बनचा शिक्का बसला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये टाचेमागच्या कंडरेत हा शिक्का तपासला. कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळपास बदलतच नाही, असं त्यांना दिसलं. चाळिशीत पळायला निघालेला माणूस कॉलेजच्या वयातल्या दोऱ्यांवर पळत असतो. या दोऱ्या ताणाने हळूहळू कडक होतात, पण त्याला महिने लागतात.

हाडाची तऱ्हा वेगळीच. नवा भार पडला की आधी काही पेशी हाडाचा जुना भाग पोखरून काढतात आणि मग दुसऱ्या पेशी तिथे नवा भरतात. चाळीतली गळकी भिंत दुरुस्त करताना आधी प्लास्टर खरवडतात, तसं. एका जागेची ही दुरुस्ती पुरी व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ती जागा उलट कमकुवत असते. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून परत येतो. माझ्या बाबतीत दर पावलाला दीडशे किलोच्या वर. मिनिटाला 160 पावलं धरली तर अर्ध्या तासात जवळपास पाच हजार वेळा. पाचव्या आठवड्यात, नेमकं प्लास्टर खरवडलेलं असताना.

मग हळूहळू वाढवायचं म्हणजे किती? आठवड्याला दहा टक्के, हा मंत्र सगळे सांगतात. नेदरलँड्समध्ये 2008 साली 532 नवशिक्या धावपटूंवर तो तपासला गेला. निम्म्यांनी दहा टक्क्यांचा नियम पाळून सावकाश तयारी केली, निम्म्यांनी नेहमीसारखी. दोन्ही गटांत दुखापत झाली पाचांतल्या एकाला. तेव्हा त्या दहाच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. नडगी काय म्हणते ते ऐकणं जास्त भरवशाचं.

ते ऐकायचं कसं, हे मला ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी शिकवलं. एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून मी खूश झालो. ते म्हणाले, "पहिले दोन-तीन आठवडे हाडातली बारीक चीर एक्स-रेत दिसतच नाही." मग त्यांनी अंगठ्याने नडगी वरून खालपर्यंत दाबत नेली. माझं दुखणं वीतभर पट्ट्यात पसरलेलं होतं. तेच जर एका बोटाखाली मावेल एवढ्या जागी असतं, किंवा रात्री अंथरुणात पडल्यावरही ठणकलं असतं, तर त्यांनी एमआरआय करायला लावला असता.

यापेक्षा स्नायूंचं अंग दुखणं वेगळं. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं आणि ओसरतं. जिममध्ये मला सांगितलं होतं की ते लॅक्टिक अ‍ॅसिड साचल्यामुळे. ते अ‍ॅसिड तर व्यायामानंतर तासाभरात निघून गेलेलं असतं. हे दुखणं स्नायूंतल्या बारीक इजेचं असावं, असं अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी 1902 सालीच लिहून ठेवलंय! ताणलं जात असताना जोर लावणाऱ्या स्नायूला ते जास्त होतं, म्हणून जिना चढण्यापेक्षा उतरणं दुसऱ्या दिवशी जास्त छळतं.

तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "जेवता काय?" मी अभिमानाने भात सोडल्याचं सांगितलं. त्यांनी कागदावर हिशोब मांडला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, म्हणजे मला 68. व्यायाम करत वजन उतरवणाऱ्याला त्याहूनही जास्त. माझं दीड पोळी, भाजी, वाटीभर पातळ वरण आणि रात्रीची काकडी-ताक मिळून तिशीही गाठत नव्हतं. गवंडी कामाला लावले होते आणि विटांची गाडी परत पाठवली होती.

उतरलेल्या तीन किलोंचाही त्यांनी फुगा फोडला. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवलेल्या दर ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. जेवण एकदम तोडलं की हा साठा आधी रिकामा होतो. तेव्हा तीनपैकी बराच भाग निव्वळ पाणी असणार.

त्याहून गंभीर म्हणजे, पोटाला फार चिमटा घेतला की शरीर हाड बांधण्याचं कामच आवरतं घेतं. अमेरिकेतल्या 2004 च्या एका प्रयोगात तरुणींना फक्त पाच दिवस गरजेपेक्षा बरंच कमी खायला देऊन व्यायाम करवला, तेवढ्यात हाडबांधणीच्या रक्तातल्या खुणा घसरल्या. डाएट आणि व्यायाम चालू असताना पाळी चुकायला लागली, तर ती 'वजन उतरतंय' याची पावती समजू नये, डॉक्टरकडे जावं.

जुन्या तालमीत मेहनत आणि खुराक हे शब्द जोडीनेच यायचे. आमच्या जिममध्ये खुराक म्हणजे हजारो रुपयांचा पावडरचा डबा. मला त्याची गरज पडली नाही. सकाळी दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम, डब्यात मटकीची घट्ट उसळ आठ-दहा, बांगड्याचा किंवा सुरमईचा बरा तुकडा वीसेक. भात परत आला, वरणासकट. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी डाळीत जे कमी ते तांदळात असतं आणि तांदळातली उणीव डाळ भरून काढते. रविवारी नाचणीची भाकरी, कारण 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. वाटेतल्या खारी-बिस्किटांवर मात्र फुली. वजन आता महिन्याला किलो-दीड किलो उतरतं.

सहा आठवड्यांच्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरुवात केली ती एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, तेही दिवसाआड. रोज फेरी मारणारे एक आजोबा कट्ट्यावरून ओरडले, "अरे, दम आहे की तुझ्यात, थांबतोस कशाला?" मी नडगीकडे बोट दाखवलं आणि घड्याळात बघून उरलेलं दीड मिनिट चाललो.