‘सावकाश मार’ हा सल्ला आला कुठून?

गोल्फच्या सरावाच्या मैदानावर अर्धा तास उभं राहिलं की दोन सल्ले हमखास कानावर पडतात. ‘डोकं हलवू नकोस, सावकाश मार’ हा पहिला. ‘आधी जोरात मारायला शीक, सरळ मारणं नंतर जमेल’ हा दुसरा. दोन्ही देणारे अनुभवी, आणि नवशिक्याची पंचाईत अशी की एक पाळावा तर दुसरा मोडतो. या भांडणाचं मूळ क्लबच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठीच्या, दांड्यात आहे.

शंभर वर्षांपूर्वीपर्यंत हा दांडा हिकरीच्या लाकडाचा असे. हिकरी चिवट खरी, पण ती नुसती वाकत नाही, पिळतेही. खेळाडूने वरून झटका दिला की हात पुढे जात आणि टोकाचा जड ठोकळा मागे रेंगाळे. तोवर त्याचं तोंड उघडं पडलेलं असे, आणि चेंडू उजवीकडे झाडीत. म्हणून दांड्याला सावरायला वेळ द्यावा लागे. शरीराभोवती आडवा, गोल फिरणारा स्विंग (क्लब फिरवण्याची क्रिया), मनगटांचं वळण आणि संथ सुरुवात ही त्या काळाची शैली. सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकणारा हॅरी वॉर्डन हिकरीचा उस्ताद. त्याच्या हातात ‘सावकाश’ हा उपदेश नव्हता, निव्वळ व्यवहार होता.

चेंडूने मात्र आधीच वेग घेतला होता. पिसं ठासून भरलेल्या चामडी चेंडूची जागा 1848 च्या सुमारास गट्टापर्चाने, म्हणजे झाडाच्या वाळवलेल्या चिकाच्या चेंडूने, घेतली. मग कोबर्न हॅस्केल या अमेरिकी माणसाने रबराचा धागा ताणून गुंडाळलेला चेंडू काढला. 1902 साली सँडी हर्डने तोच वापरून ओपन जिंकली आणि गट्टापर्चा अडगळीत गेला.

खरी उलथापालथ केली पोलादी दांड्याने. अमेरिकेत तो 1920 च्या दशकाच्या मध्यात नियमात बसला. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या, नियम ठरवणाऱ्या रॉयल अँड एन्शंट क्लबने 1929 पर्यंत वाट पाहिली. गंमत म्हणजे बॉबी जोन्सने 1930 सालची चारही मोठी अजिंक्यपदं हिकरीनेच मारली. पोलाद पिळत नाही म्हटल्यावर मनगटांची कसरत नको झाली, आणि जोर मोठ्या स्नायूंकडून घेता येऊ लागला. बायरन नेल्सनने हे सर्वांत आधी ओळखलं. तो खाली येताना गुडघे वाकवून पाय लक्ष्याकडे रेटत असे, हात जवळजवळ मागून ओढले जात. 1945 साली त्याने सलग 11 स्पर्धा जिंकल्या, तेव्हा आधुनिक स्विंग म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागलं नाही.

दुसरा सल्ला येतो प्रशिक्षक जॅक ग्राउटकडून. त्याचा शिष्य म्हणजे पुढे गाजलेला खेळाडू जॅक निक्लॉस. पोराला आधी पूर्ण ताकदीने मारू द्यायचं, दिशा मागाहून सुधारायची, ही ग्राउटची रीत. निक्लॉसचा बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे नेणं, बारकाईने पाहावा: डावी टाच जमिनीवरून स्पष्ट उचललेली, कंबर भरपूर वळलेली, हात उंच, उजवं कोपर अंगापासून सुटलेलं. मग टाच परत जमिनीवर टेकते आणि तिथून सगळं सुरू होतं. 1963 साली डॅलसमध्ये लांब फटक्याच्या स्पर्धेत त्याने 341 यार्ड 17 इंच मारला, तोही पर्सिमनच्या लाकडी ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारायच्या क्लबने). बक्षीस मिळालेली नोटा अडकवायची चिमटी त्याने पुढे अनेक वर्षं खिशात बाळगली.

फटका लांब का जातो याचा हिशेब 1968 साली ब्रिटनमध्ये अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी मांडला. त्यांनी स्विंगला मधे बिजागरी असलेल्या दोन दांड्यांसारखं धरलं: एक हातांचा, दुसरा क्लबचा. आधी आतला फिरतो, मग बाहेरचा सुटतो. गोफणीसारखंच, दोरी योग्य क्षणी सुटली तर दगड लांब जातो, मनगट आधीच सैल केलं तर पायाशी पडतो.

1992 साली प्रशिक्षक जिम मॅक्लीन यांनी खांदे आणि कंबर यांच्या वळणातल्या फरकाला ‘एक्स फॅक्टर’ म्हटलं. आदल्या वर्षी जॉन डॅली राखीव यादीतून येऊन पीजीए अजिंक्यपद जिंकून गेला होता, त्यामुळे लांबीचं वेड होतंच. मग हा फरक वाढवायला कंबर रोखायची, टाच जमिनीला चिकटवायची अशी टूम निघाली. माझ्या मते हौशी खेळाडूंचं यात नुकसानच झालं. बसून काम करणाऱ्या माणसाची कंबर रोखली की खांदेही वळत नाहीत, आणि भार पाठीवर येतो. आता बरेच शिक्षक पुन्हा टाच उचलू देतात.

दरम्यान हत्यारं चुका माफ करू लागली. 1991 चा बिग बर्था हा मोठ्या डोक्याचा ड्रायव्हर, मग टायटॅनियमची डोकी. 2004 पासून आकाराला 460 घनसेंटिमीटरची मर्यादा घालावी लागली. 2000 च्या अखेरीस प्रो व्ही1 हा घन गाभ्याचा चेंडू आला आणि धागा गुंडाळलेले चेंडू दोनेक वर्षांत नाहीसे झाले. जोरात मारून थोडं चुकलं तरी चेंडू मैदानातच राहू लागला. मग कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रोडी यांनी स्पर्धांमधल्या फटक्यांची आकडेवारी तपासली: अव्वल आणि सामान्य खेळाडूंमधला मोठा फरक पटिंगपेक्षा (चेंडू भोकात घालायच्या हलक्या फटक्यांपेक्षा) लांब फटक्यांतून येतो. 1980 साली अमेरिकी टूरवर, म्हणजे व्यावसायिकांच्या स्पर्धामालिकेत, सर्वांत लांब मारणाऱ्या डॅन पोलची सरासरी 274.3 यार्ड होती; आज तेवढ्यावर टूरच्या सरासरीलाही पोचता येत नाही. ब्रायसन डीशँबोने तर वजन आणि स्नायू वाढवून, वेगाचा सराव करून 2020 ची यूएस ओपन जिंकली.

आता दाबपट्ट्यांवर उभं करून पाय जमिनीला किती रेटतात ते मोजतात. लांब मारणाऱ्यांचा पुढचा पाय चेंडू लागण्याआधीच जमीन खाली ढकलून सरळ होऊ लागतो; काहींचा तर त्या क्षणी जमिनीवरून सुटतोही. नेल्सनचं गुडघ्यांचं रेटणं आणि निक्लॉसची टाच यांचाच हा पुढचा अंक.

नियम करणाऱ्यांनाही हे मान्य करावं लागलं. चेंडू तपासणारं यंत्र तेव्हा ताशी 120 मैलांनी क्लब फिरवत होतं. डिसेंबर 2023 मध्ये नवी कसोटी जाहीर झाली: अंतराची मर्यादा तीच, यंत्राचा वेग 125 मैल.