शिकागोचा काठ मोकळा कसा राहिला

शिकागोच्या मिशिगन अव्हेन्यूवर नवखा माणूस थबकतोच. एका हाताला उंच इमारतींची सलग भिंत, दुसऱ्या हाताला नुसती हिरवळ आणि तिच्यापलीकडे मिशिगन सरोवर. पलीकडचा काठ दिसत नाही, त्यामुळे समुद्रच वाटतो. फक्त खारा वास नाही. एवढ्या मोक्याच्या जागेवर बिल्डरांचा डोळा कसा गेला नाही, हा प्रश्न मुंबईकराला तर पडणारच.

डोळा गेला होता. पण 1836 साली कालव्याच्या कामासाठी जमिनीचे भूखंड पाडताना आयुक्तांनी काठच्या पट्ट्यावर नकाशात एक शेरा मारून ठेवला होता: ही जागा सार्वजनिक, कायम मोकळी, इथे इमारत नको. तेव्हा पट्टा अगदीच चिंचोळा होता. 1871 च्या आगीत शहराचा गाभा जळाला आणि राडारोडा सरोवरात लोटला गेला. आज ज्याला ग्रँट पार्क म्हणतात, त्याच्या काही भागाखाली ते जळकं शिकागोच आहे.

शहर पुन्हा उभं राहिलं ते उंच होत. 1885 ची होम इन्शुरन्स बिल्डिंग, धातूच्या सांगाड्यावरची 10 मजली, गगनचुंबी इमारतींची आद्य मानली जाते. जमिनीचा भाव चढला तशी काठावरही बांधायची घाई सुरू झाली. आडवा आला ॲरन माँटगोमेरी वॉर्ड, टपालाने माल विकणारा व्यापारी. कचेरी समोरच. 1890 पासून तब्बल वीस वर्षं तो तोच जुना शेरा पुढे करून कोर्टात भांडला. शहरातली बडी मंडळी वैतागली, पण खटले तो जिंकला. मोठा अपवाद एकच, आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत. 1893 साली विवेकानंद बोलले ती हीच.

हा दंडक कलेलाही वळण लावून गेला. 2004 साली रेल्वेच्या रुळांवर छत घालून मिलेनियम पार्क झाला, तेव्हा वास्तुविशारद फ्रँक गेरीच्या संगीतमंचाची उंची नियमात बसेना. मग तो इमारत नव्हे, कलाकृती ठरवला गेला. पळवाट खरी, पण झकास.

शेजारीच मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं ‘क्लाउड गेट’ हे शिल्प, लोकांच्या तोंडी ‘बीन’. स्टेनलेस स्टीलचे 168 पत्रे जोडलेत, पण सांधा शोधून सापडत नाही. लोक त्यात आपलं तोंड बघायला वाकतात. तोंडामागे रस्त्यापलीकडच्या इमारती वाकड्या होऊन दिसतात, वॉर्डने अडवल्या तिथेच उभ्या.